कोरं पाणी

सत्तावन्न पेट्या होत्या आणि धक्का नव्हता. म्हणजे नकाशावर होता, आणि तसा तो खराही होता. पण ओहोटीला त्याच्या शेवटच्या पायरीपासून पाणी शंभर पावलं मागे जायचं. मोठी बोट बाहेर नांगरलेली, तिच्यापासून निम्म्या वाटेपर्यंत होडी, आणि तिथून पुढे गुडघाभर पाण्यातून खांद्यावर पेट्या. निघायच्या आधी आमच्या चमूच्या प्रमुख मॅडमनी ‘एकही पेटी वीस किलोच्या वर जाता कामा नये’ असा धोशा लावला होता, तेव्हा मी मनातल्या मनात कुरकुरले होते. तिसऱ्या फेरीला ती कुरकुर मुकाट्यानं गिळली.

बेटाचं नाव सांगत नाही, कारण त्यानं काही फरक पडत नाही. वीज, गोडं पाणी आणि डॉक्टर या तिन्ही गोष्टी जिथे बोटीनंच येतात, अशी कुठलीही जागा डोळ्यांपुढे आणा. आम्हाला तिथल्या प्रवाळाभोवतीचं पाणी सहा आठवडे मोजायचं होतं. दिवसा त्यात ऑक्सिजन किती, पहाटेपर्यंत किती उरतो, नायट्रेट-फॉस्फेट-अमोनिया किती, क्लोरोफिल किती. पाणी बाटल्यांत भरून मोठ्या प्रयोगशाळेत नेता आलं असतं तर एवढी हमाली कशाला केली असती? पण समुद्राचं पाणी बाटलीत भरलं की ते समुद्राचं राहत नाही. त्यातले जीव श्वास घेतच असतात, एकमेकांना खातच असतात. काही तासांत बाटलीचं स्वतःचं एक तळं होऊन बसतं. म्हणून प्रयोगशाळाच उचलून पाण्यापाशी न्यायची.

अशा कामाची यादी करायची रीत मला फार आवडते. कपाटासमोर उभं राहून ‘काय काय लागेल’ आठवत बसायचं नाही. डोळे मिटून एका बाटलीच्या मागे मागे चालायचं. बाटली होडीतून खाली सोडली: दोरी हवी, दोरीवर मीटरच्या खुणा हव्यात, खाली वजन हवं. वर आली: तोटीला लावायला रबरी नळी. आता गाळायची: गाळणी, चिमटा, पंप, आणि वीज गेली तर हातपंप. क्लोरोफिलसाठी पाणी काचतंतूंच्या गाळणीतून काढतात, तिची भोकं साधारण ०.७ मायक्रॉनची, आणि हे सगळं अंधुक उजेडात करावं लागतं, कारण उजेड लागला की क्लोरोफिल विघटतं. म्हणजे काळं कापड आलं. कापड टांगायला दोरी आली. दोरीवर कापड ठरायला चिमटे आले, कपडे वाळत घालायचे. आमच्या यादीत ते चोवीस होते, आणि सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त भांडणं ज्या वस्तूवरून झाली ती हीच.

रसायनांचं दुखणं वेगळं. अल्कोहोल, फॉर्मॅलिन, तीव्र आम्ल, मोठ्या लिथियम बॅटऱ्या या गोष्टी माणसाच्या सामानात जात नाहीत. त्यांचे कागद वेगळे, डबे वेगळे, वाट वेगळी. त्या आठवडे आधी निघतात आणि तुमच्यानंतर पोचतात. आमचं आम्ल चार दिवस कुठल्याशा गोदामात अडून बसलं, आणि ते चार दिवस आम्ही टेबलं समपातळीत आणण्यात घालवले. वाईट गेले असं म्हणणार नाही.

त्या सगळ्या पसाऱ्यात माझी लाडकी वस्तू म्हणजे नमुने गोठलेले ठेवणारा ‘ड्राय शिपर’. दिसायला दुधाच्या मोठ्या कॅनसारखा. आत सच्छिद्र पदार्थाचं अस्तर, त्यात द्रव नायट्रोजन शोषवलेला, म्हणून कॅन आडवा झाला तरी काही सांडत नाही. उणे १९६ अंशांच्या आसपासची थंडी, तीही विजेशिवाय, कित्येक दिवस. जिथे जनरेटरवर पंखा आणि दिवा एकत्र लावताना विचार करावा लागतो, तिथे उणे ऐंशीचा फ्रीज चालवायचं स्वप्नसुद्धा कुणी पाहू नये.

हे वेड काही आमचं नाही, जुनं आहे. आंतोन डोर्न नावाचा तरुण जर्मन प्राणिशास्त्रज्ञ १८६८च्या सुमारास सिसिलीतल्या मेसिनाला मिक्लुखो-मकलाय या रशियन मित्राबरोबर समुद्री जीवांचा अभ्यास करत होता. तिथे त्यांच्या डोक्यात आलं की रेल्वेची जशी ठिकठिकाणी स्टेशनं असतात तशी जगभरच्या किनाऱ्यांवर संशोधनाची असावीत. माणसानं उतरावं, नमुने गोळा करावेत, प्रयोग करावा, पुढची गाडी धरावी. डोर्नचं नेपल्सचं केंद्र त्यातून उभं राहिलं, १८७२ साली त्याचं बांधकाम सुरू झालं. ‘मरीन स्टेशन’ म्हटलं की मला अजून ती गाडीच दिसते. स्कॉटलंडमध्ये, जगभरचे समुद्र तपासणाऱ्या चॅलेंजर मोहिमेवरून परतलेल्या जॉन मरेनं तर १८८४ साली चौऱ्याऐंशी फुटी मालवाहू बार्जचीच तरंगती प्रयोगशाळा केली. नाव ‘द आर्क’. पुढच्या वर्षी ती मिलपोर्टला नेली, आणि जानेवारी १९००मध्ये एका वादळानं फोडून टाकली.

पण मला जवळची वाटते ती पेनिकीजची गोष्ट. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळचं हे एक छोटं बेट. १८७३च्या उन्हाळ्यात लुई अगासी या निसर्गशास्त्रज्ञानं तिथे पन्नासेक जणांची शाळा भरवली. बहुतेक शिक्षक, त्यांत स्त्रियाही होत्या. माणसं येऊन पोचली तरी सुतारकाम चालूच. बेटावरचं जुनं कोठार रिकामं केलं, मेंढ्या बाहेर काढल्या, खाली नवी फळ्यांची जमीन घातली, घोड्यांच्या ठाणांचं स्वयंपाकघर झालं. आढ्यातली पाकोळ्यांची घरटी मात्र तशीच राहू दिली. त्याच डिसेंबरात अगासी वारला, पुढच्या उन्हाळ्यात शाळा आणखी एकदा भरली आणि मग बंद झाली. दोन उन्हाळे, संपलं. या पाकोळ्या तेवढ्या ध्यानात असू द्या.

आम्हाला मिळाली ती जागाही एक जुनं गोदामच होतं. पत्र्याचं छप्पर, लाकडी वासे, भिंतीत उंचावर काच नसलेले झरोके. मॅडमनी दारात उभं राहून सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, “छान. वारा खेळता आहे.” वाऱ्याबरोबर मीठही खेळतं हे आम्हाला आठवडाभरात कळलं. स्क्रू गंजले, कुलपं अडली, तराजूचा काटा स्वतःशीच पुटपुटायला लागला. तराजू सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात आणि डबा पिशवीत, असा त्याचा संसार मांडून दिला. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, चाळीस पावलांवर. त्याची थरथर सूक्ष्मदर्शकाला पोचू नये म्हणून टेबलाच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. अर्थिंगसाठी तांब्याची सळई ओल्या वाळूत ठोकली. जनरेटर सांभाळणारे काका रोज संध्याकाळी तिच्यावर बादलीभर खारं पाणी ओतायचे, झाडाला घालावं तसं.

ऑक्सिजन मोजायला आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक संवेदक होता, पण त्याचा खरेखोटेपणा ठरवायला लागते ती लाजोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची १८८८ सालची पद्धत. सव्वाशे वर्षांहून जुनी, आणि विजेशिवाय चालते. मला ती करताना कधी कंटाळा येत नाही. काचेच्या बाटलीत नळी तळापर्यंत घालून पाणी भरायचं, बाटलीच्या तिप्पट पाणी वरून वाहून जाऊ द्यायचं, बुडबुडा एकही नको. होडीतच त्यात मँगनीजचं क्षार-द्रावण आणि अल्कली-आयोडाइड सोडायचं, झाकण घट्ट, उलटसुलट. बाटलीत तपकिरी ढग उठतो. ऑक्सिजन जितका जास्त तितका ढग गडद. पहाटेच्या बाटल्या फिक्या असायच्या, दुपारच्या मात्र गडद, चहासारख्या. हा ढग म्हणजे कैद केलेला ऑक्सिजन. मग टेबलाशी बसून आम्ल घातलं की ढग विरतो, पाणी आयोडीननं पिवळं होतं. ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं, पिवळा फिका पडला की स्टार्च, निळं गर्द, आणि मग एका थेंबाला सगळं निवळशंख. तोवर किती थायोसल्फेट लागलं, त्यावरून ऑक्सिजन कळतो. तो शेवटचा थेंब वाचणारा डोळा प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून पूर्ण सहा आठवडे तो एकाच माणसानं वाचायचा. तो माणूस मी होते. पहाटे तीनच्या बाटल्याही माझ्याच, हे ओघानं आलंच.

आता अमोनिया.

प्रवाळाभोवतीच्या स्वच्छ पाण्यात तो नगण्य असतो, लिटरमागे अर्ध्या मायक्रोमोलच्याही खाली. मोजायची पद्धत सोपी आहे. पाण्यात एक रसायन घालायचं, काही तास अंधारात ठेवायचं, अमोनियाशी जुळलेलं रसायन अतिनील उजेडात चमकतं, ती चमक मोजायची. पण अशा प्रत्येक मोजमापाबरोबर एक बाटली अशी असते की जिच्यात समुद्र नसतोच. फक्त शुद्ध केलेलं पाणी आणि तीच रसायनं. तिला सगळे ‘ब्लँक’ म्हणतात. तिनं शून्याच्या जवळ यायचं असतं. तिच्यात जे काही सापडतं ते समुद्राचं नसतं, तुमचं असतं: तुमच्या रसायनांचं, काचेचं, हातांचं, खोलीतल्या हवेचं. समुद्राच्या आकड्यातून तो आकडा वजा करायचा, म्हणजे उरतो तो समुद्र.

आमची कोरी बाटली कोरी येईना. पहिल्या दिवशी थोडी चमकली. चौथ्या दिवशी तिच्यात समुद्राइतका अमोनिया. सहाव्या दिवशी समुद्रापेक्षा जास्त. म्हणजे वजाबाकी केली तर समुद्रात शून्यापेक्षा कमी अमोनिया आहे असं उत्तर येत होतं, आणि असा समुद्र अजून कुणी पाहिलेला नाही.

मग झडती सुरू झाली. आधी संशय शुद्ध पाण्यावर. आम्ही आणलेल्या दोनशे लिटरांतला नवा कॅन फोडला. तेच. मग रसायनावर, नवं द्रावण केलं. तेच. बाटल्या पुन्हा दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवल्या. हातमोजे बदलले. घामात अमोनिया असतो, सिगरेटच्या धुरात असतो, म्हणून काकांना बाहेर कितीतरी लांब जाऊन ओढायला लावली. ते बिचारे मुकाट्यानं जनरेटरच्याही पलीकडे जायला लागले, आणि मला आज आठवलं तरी अपराधी वाटतं, कारण त्यांचा काडीचाही दोष नव्हता. आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलानं तोवर एक साधी गोष्ट केली. शुद्ध पाण्याच्या सहा बाटल्या झाकण काढून गोदामात सहा ठिकाणी रात्रभर ठेवल्या, सातवी बाहेर पुळणीवर तंबूच्या आडोशाला. सकाळी सगळ्या मोजल्या. बाहेरची जवळजवळ कोरी. आतल्या पाच मध्यम. आणि उत्तरेच्या कोपऱ्यातली, जिथे आमचं अमोनियाचं टेबल होतं, ती दिव्यासारखी.

आम्ही सगळ्यांनी एकदमच वर पाहिलं.

पाकोळ्या. वाशाच्या बेचक्यात ओळीनं आठ-नऊ घरटी, झरोक्यातून ये-जा. रोज सकाळी टेबलावरचे पांढरे ठिपके आम्हीच पुसत होतो आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. पक्ष्यांच्या शिटेत युरिक आम्ल असतं, जिवाणू ते फोडतात, त्यातून अमोनिया सुटतो. दुपारी तापलेल्या पत्र्याखाली तर भट्टीच. आणि अमोनियाला पाण्याची ओढ इतकी की उघडं पाणी दिसलं की तो त्यात उतरलाच. आमच्या नाकांना काही कळलं नव्हतं. नाकाला कळायच्या कितीतरी आधी पाण्याला कळतं.

घरटी काढायचा विषय निघाला, खोटं कशाला सांगू. मीच काढला. आत पिल्लं होती, त्यांच्या पिवळ्या चोची काठावर दिसायच्या. मॅडम म्हणाल्या, “त्या आपल्या आधीपासून आहेत. टेबल हलवा.” टेबल हलवलं. अमोनियाचं सगळं बिऱ्हाड बाहेर तंबूत गेलं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. घरट्यांखाली पुठ्ठ्याचे तबक बांधले, म्हणजे बाकीच्या टेबलांवर तरी काही पडू नये. दुसऱ्या दिवशीची बाटली कोरी आली. इतकी कोरी, की मी ती पुन्हा मोजली.

राहिले मागचे नऊ दिवस. दोनशे सोळा नमुने, रात्री-अपरात्री काढलेले, प्रत्येकाच्या मागे कुणाची तरी झोप. मी दोन संध्याकाळी वहीशी बसून ते वाचवायचा प्रयत्न केला. रोजच्या ब्लँकचा आकडा आहे, तो वजा केला तर? पण त्या रोजच्या आकड्यात दुपार वेगळी होती, रात्र वेगळी. कुठली बाटली किती वेळ उघडी राहिली हे कुणी लिहिलं नव्हतं. मॅडमनी वही ओढून घेतली, नऊही पानांवर तिरकी रेघ मारली, ‘दूषित, कारण पान ३१ वर’ असं लिहिलं, सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. मी खाली सही केली. रेघ अशी मारलेली की आकडे वाचता येत होते. खोडायचं, पण पुसायचं नाही.

त्या रात्री ‘लो आइल्स’ आठवलं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरचं एवढंसं बेट. १९२८च्या जुलैपासून पुढचं वर्षभर तिथे लाकडी झोपड्या टाकून ब्रिटिश शास्त्रज्ञांचा एक चमू राहिला. प्रमुख मॉरिस याँग, वय अठ्ठावीस. त्यांनी प्रवाळ अंधारात कोंडून पाहिले. प्रवाळांच्या अंगातली एकपेशीय शैवालं बाहेर फेकली गेली. याँगनं निष्कर्ष काढला की प्रवाळ मांसाहारीच आहेत, शैवालांकडून त्यांना अन्न मिळत नाही. तो चुकला होता. पुढे किरणोत्सारी कार्बनचे प्रयोग झाले आणि शैवालं यजमानाला भरपूर खाऊ घालतात हे सिद्ध झालं. पण त्या चमूनं जे मोजलं, ते जसं मोजलं, ते टिकलं. ओहोटीच्या पट्ट्यावर त्यांनी दोऱ्या धरून कुठे कुठला जीव आहे हे नोंदवून ठेवलं होतं. त्याच रेषांवर नंतरची माणसं पुन्हा पुन्हा गेली, आणि २०१९ साली नव्वद वर्षांच्या बदलांचा हिशेब त्यावरून छापला गेला. मत चुकलं तर पुढचा माणूस दुरुस्त करतो. पक्ष्याची शीट समुद्र म्हणून लिहून ठेवली, तर पुढच्या माणसाला ती कशी कळावी?

औषधांच्या पेटीबद्दल एक सांगायचं राहिलं. ती आमच्याकडे सत्तावन्नांतली पहिल्या क्रमांकाची होती आणि तिच्यावर मला हसू यायचं, इतक्या पट्ट्या. मग कधीतरी फ्रँकलिन कोनंटबद्दल वाचलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विल्यम ब्रुक्स उन्हाळ्यात निरनिराळ्या किनाऱ्यांवर फिरती प्रयोगशाळा थाटायचे. १८९७ साली ती जमैकात होती. कोनंट तिथे चौकोनी घुमटाच्या बॉक्स जेलीफिशवर काम करत होता. पीतज्वराची साथ आली. चमूतले हम्फ्री तिथेच वारले, आणि कोनंट बॉस्टनला परतल्यावर. त्याचा प्रबंध पुढच्या वर्षी छापला गेला, तो नसताना. किंग्स्टनच्या बंदरात त्याला सापडलेली, नखाएवढी, चोवीस डोळ्यांची ती ‘ट्रायपेडेलिया’ आज प्रयोगशाळांमधून वाढवतात. मेंदू नसलेला हा जीव अनुभवावरून शिकतो, असं २०२३मध्ये दाखवलं गेलं. त्यानंतर मी पट्ट्यांवर हसले नाही. निघायच्या आधी पेटी मीच दोनदा मोजते.

बाकीचे दिवस सरळ गेले म्हणावेत असे गेले. एका उधाणाला पाणी तंबूच्या खुंटीपर्यंत आलं. एकदा ब्युरेट फुटली; दुसरी होती, तीही फुटली; तिसरी मी झोपताना उशाशी घ्यायचे. वहीत आकडे साठत गेले, पहाटेचे फिके, दुपारचे गडद.

मांडायला पाच दिवस लागले होते, आवरायला तीन. आवरण्याचा नियम एकच: आपण आणलेलं काही तिथे राहायचं नाही. वापरलेली रसायनं वेगळ्या डब्यांत, डब्यांवर नावं, सगळं परत. तांब्याची सळई काकांनी दोन्ही हातांनी हलवून हलवून उपसली. चिमटे मोजले तर एकोणीस. उरलेल्या पाचांवरून बोटीत बसेपर्यंत वाद चालला.

पुठ्ठ्याचे तबक काढायचे की नाही यावर जरा घुटमळलो. नियम तो नियम, काढले. तोवर घरटी रिकामी झाली होती, पिल्लं उडून वाशांवर बसायला लागली होती. गोदाम झाडून, धुऊन, जमीन वाळू दिली. संध्याकाळी मी कुलूप लावायला गेले तेव्हा उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथे टेबल होतं तिथे, एक पांढरा ठिपका पडलेला होता. अजून ओला होता.